भिणं वेगळं, बुजणं वेगळं

जुन्नर तालुक्यात लोक शिवनेरी बघायला जातात, लेणी बघायला जातात, थंडी सरत आली की द्राक्षं खायला जातात. मी गेले ती स्वतःच केलेला एक डोळा बघायला. शिवनेरी राहिला तो राहिलाच.

माझा धंदाच तो. पुण्यात माझी एक लहानशी जागा आहे, तिथे मी कृत्रिम डोळे बनवते. आजाराने नाहीतर अपघाताने ज्याचा डोळा काढावा लागला, त्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून अॅक्रिलिकचं कवच घडवायचं आणि मग त्या माणसाला खिडकीशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक तंतू बसवले की शिरा होतात. हे काम चालू असताना मी बोलत नाही आणि समोरच्यालाही बोलू देत नाही. माझे डोळे लग्नात बोहल्यावर चढलेत, निवडणुकीला उभे राहिलेत, आणि समोरच्याला पत्ताही लागलेला नाही. त्यामुळे राजुरीहून फोन आला आणि पलीकडची बाई म्हणाली, ताई, तुमचा डोळा परत घ्या, तेव्हा मला राग आला. चांगलाच आला.

फोन मनीषाचा होता. तिचा नवरा संपत, राजुरीचा बागायतदार. उसाचं पाचट काढताना पात डोळ्यात गेली, यानं आठवडाभर दुकानातले थेंब घालून दिवस काढले, जखम चिघळली आणि शेवटी उजवा डोळा काढावा लागला. दिवाळीच्या सुमारास मी त्याला नवा करून दिला होता. मनीषा म्हणाली, डोळ्यात खोट नाही. पण दीड वर्षाची पोरगी बापाकडे जात नाही. डॉक्टरांनी पांढरी पट्टी बांधली होती तेव्हा जात होती, पुढे काळा गॉगल आला तेव्हाही जात होती. डोळा बसवल्यापासून बापाला बघितलं की ‘बाऊ’ म्हणते आणि रडते, आता वरून गॉगल चढवला तरी जात नाही. आणि आता संपत पोरगी झोपल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही, ती उठायच्या आत शेतावर निघून जातो. एका घरात राहून बापलेकींनी एकमेकांना धड पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, येते. हुबेहूब केलेल्या चेहऱ्याला माणूस दचकतो का, या ज्या प्रश्नाबद्दल मी काही वर्षांपासून मिळेल ते वाचत होते, तो प्रश्न आता चालत माझ्या दारात आला होता.

राजुरी

आळेफाट्याला आबा, म्हणजे संपतचे वडील, पिकअप घेऊन उभे होते. माझी रंगांची पेटी मी मांडीवर घेत होते, त्यांनी ती सरळ उचलून मागे रिकाम्या गोण्यांवर टाकली. वाटभर मी मागे वळून पेटीकडे बघत होते आणि आबा मला कुठला ऊस कुणाचा, कुठलं शेततळं कुणाचं ते सांगत होते. राजुरी मोठी, खाऊनपिऊन सुखी. गोठे भरलेले, पण प्रत्येक गोठ्याला लोखंडी जाळी, कारण उसात बिबटे. पुण्यात आम्ही पार्किंगविषयी जसे बोलतो तसे हे लोक बिबट्याविषयी बोलतात. काल ओढ्याला होता, परवा वरच्या आळीला होता, वगैरे.

घरात पाय ठेवला तर ओवी समोरच. दोन शेंड्या, हातात अर्धी खाल्लेली काकडी. मला नखशिखांत न्याहाळलं आणि हात वर केले. मी उचलून घेतलं तर माझा चष्मा ओढून ती काकडी माझ्या तोंडाला लावू लागली. मी हसले, पण आत कुठेतरी लागलंही. कधी न पाहिलेल्या बाईकडे हे पोर बेधडक येतं आणि जन्मदात्याला बघून रडतं, याला काय म्हणायचं.

संपत कांद्याच्या रानात होता. त्यानं गॉगल काढला आणि मी आधी, खरं सांगते, माझंच काम बघितलं. उन्हात बघितलं, सावलीत बघितलं. रंग तंतोतंत. पापणी नीट मिटत होती. मी त्याला डावीकडे बघ म्हटलं, उजवीकडे बघ म्हटलं. इथे मात्र खरा डोळा आधी जायचा आणि माझा मागून, थोडासाच, जायचा. एवढं होणारच, त्याला इलाज नाही, आणि ते मी त्याला पुण्यातच सांगितलं होतं.

“डोळा झकास हाये, ताई,” संपत म्हणाला. “पोरगी तेवढी गेली.”

अगदी सपाट आवाजात म्हणाला. मी दरडावूनच त्याला घरी आणलं. माझ्यासमोर एकदा पोरीपुढे उभा राहा, मला बघायचंय, म्हटलं. ओवी माझ्या कडेवर होती. संपत ओसरीच्या पायरीशी थांबला आणि हळूच हसला. ती रडली नाही लगेच. आधी एकटक बघत राहिली, या गालावरून त्या गालावर नजर फिरवली, अगदी काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी. मग तिचा ओठ थरथरला, ‘बाऊ’ म्हणाली आणि तोंड माझ्या खांद्यात खुपसलं. संपतनं गॉगल चढवला आणि गोठ्याकडे निघून गेला. मनीषा चुलीपुढे भाकरी थापत होती, ती तशीच थापत राहिली, पण भाकरी काठाला फाटली. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम या घरात असं बसलं होतं.

दुपारी मासवडी होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, हिच्यात मासा औषधालाही नसतो. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या कापडावर थापायचं, त्यात खोबरं, तीळ, लसूण भरायचा, वळकटी करून वड्या कापायच्या, आणि त्या वाटीभर जाळ रश्शात बुडवून बाजरीच्या भाकरीशी खायच्या. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते, म्हणून नाव. आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात, इथे विचारतच नाहीत. नाकातोंडातून पाणी आलं तरी मी तिसऱ्यांदा रस्सा घेतला. आणि खाता खाता मनीषाला म्हटलं, बघ, ही माशाची नक्कल आहे, पण हिला कुणी दचकत नाही, कारण ती मासा असल्याचा आव आणत नाही. घोटाळा होतो तो अगदी जवळ गेलं की.

मग मी त्यांना सांगितलं ते असं. बाहुली माणसासारखी दिसायला लागली की आपल्याला ती आवडते. आणखी दिसली, आणखी आवडते. पण जवळजवळ माणूसच दिसायला लागली, आणि एवढंसंच काहीतरी चुकलं, की आवडणं एकदम कोसळतं आणि अंगावर काटा येतो. पुरतं माणूस झालं की पुन्हा वर येतं. कागदावर याची रेघ काढली तर मधे खड्डा पडतो, त्याला शास्त्रवाले दरी म्हणतात. मी माझ्या परीने ताटातल्या रश्शावर बोटानं रेघ काढून दाखवली. आबा फार लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, दरी बघायची तर नाणेघाटाला जावा, पिकअप देतो, पण कठड्याला वाकू नका. मी समजावलं, तर ते म्हणाले, मग दुसरी कुठली? मी हात टेकले.

बोरी बुद्रुक

दुसऱ्या दिवशी संपतला बोरी बुद्रुकला विहिरीवरची पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकायची होती. मीच मागे लागून त्याच्या मोटरसायकलवर बसले. बोरीचं मला फार दिवसांचं आकर्षण होतं. कुकडीच्या काठाला तिथे मातीत राखेचा थर आहे. कुठल्या तरी दूरच्या, समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची राख, वाऱ्यावर येऊन इथे पडलेली. त्याच परिसरात दगडाची हत्यारं सापडली आहेत, आपल्या फार आधीच्या माणसांनी घडवलेली. आपल्या आधीच्या म्हणजे शिवाजी महाराजांच्या आधीच्या नव्हे; आपली ही मनुष्यजात असायच्या आधीच्या.

काठावर करंजाच्या सावलीला बसलो. समोर पलीकडच्या तीराला बायका कांदा काढत होत्या, मधे पाणी संथ. राखेचा थर बघून माझी निराशा झाली हेही सांगायला हवं. कुणी दाखवल्याशिवाय तो चुन्याची फक्की सांडल्यासारखा दिसतो. संपतनं मेहनतीने हाताने खरवडून दाखवला आणि विचारलं, ताई, माणसाला असं का व्हतं? पोरगी अडाणी हाये, पण शिकलेल्यालाबी व्हतं म्हणता.

मी सुरू झाले, आणि मी सुरू झाले की थांबत नाही. ही खोड आपल्यात कुठून आली याबद्दल बरेच तर्क आहेत. एक म्हणजे मेलेलं माणूस. दिसायला माणूसच, पण डोळा हलत नाही. त्यापासून दूर राहिलेले पूर्वज रोगराईतून वाचले, आपण त्यांची लेकरं. दुसरा तर्क जोडीदार निवडण्याचा, चेहऱ्यात खोट दिसली की सोयरीक नको, पण तो दीड वर्षाच्या पोरीला लावणं म्हणजे अतीच झालं. तिसरा मनाचा. समोरच्याला मन आहे असं दिसतं आणि नाही असंही वाटतं, तेव्हा आपण गडबडतो. माकडांनासुद्धा जवळजवळ खरी दिसणारी, संगणकावर केलेली माकडाची तोंडं दाखवली की ती नजर वळवतात असं आढळलंय, म्हणजे हे माणसाच्याही आधीचं आहे. आणि चौथा तर्क, माझा लाडका, कारण त्यात गोष्ट आहे. एके काळी पृथ्वीवर आपल्यासारखी दिसणारी पण आपण नसलेली माणसं होती. याच नदीला दगड फोडत बसणारी. लांबून वाटावं आपला माणूस येतोय, जवळ आल्यावर काहीतरी वेगळं. ज्याला ते वेळेत कळलं तो जगला. म्हणून जवळजवळ आपल्यासारखा चेहरा दिसला की अजून आपल्या पोटात गोळा येतो, असं मी अगदी ठासून सांगितलं.

संपत पाण्याकडे बघत होता. “म्हंजी पोरीला मी त्यांच्यातला वाटतो,” तो म्हणाला.

कुणी तोंडात मारावं तसं झालं मला. इतकी वर्षं हे सगळं मी दिवाणखान्यात सांगत आले, लोक वा वा म्हणत आले. ज्याच्याविषयी आहे त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी काहीतरी सावरासावर केली, तो नुसता मान हलवत राहिला. परत येताना त्यानं मला रसवंतीवर थांबवून उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही.

रस पिताना मात्र एक गोष्ट मला टोचायला लागली. परकी माणसं हाच घाबरण्याचा विषय असेल, तर ओवी माझ्याकडे कशी आली? माझ्याइतकं परकं त्या घरात कोण होतं? आणि मग मी कधी तरी वाचलेला एक प्रयोग आठवला. तान्ह्या बाळांना पडद्यावर आईचा चेहरा दाखवला, ती बघतात. अनोळखी बाईचा दाखवला, तोही बघतात. दोन्ही चेहरे मिसळून एक केला, की त्याच्याकडे बघायचं टाळतात. परकं चालतं. अर्धवट आपलं चालत नाही. हे माझ्या लाडक्या तर्कात बसेना.

आंबेगावात यात्रेला

आबांचा बैल आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत पळायचा होता. तिकडे बैलगाड्याच्या शर्यतीला देवळाइतकाच मान. चढाच्या लांब धावपट्टीला घाट म्हणतात, आणि एक धाव म्हणजे एक बारी. गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. भोंग्यावरचा निवेदक प्रत्येक बैलाची वंशावळ आमच्याकडे लग्नपत्रिकेतही नसते इतक्या तपशिलात सांगत होता. मी गोडीशेव घेतली, ती कागदासकट चिकटली.

ऊन लागायला लागलं म्हणून मी माझी फुलाफुलांची छत्री काढली आणि बटण दाबलं. आबांचा बादल माझ्या शेजारीच उभा होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. छत्री फाडकन उघडली आणि तो धिप्पाड बैल चारी पायांवर आडवा उडाला. कासरा धरलेला संपत दहा पावलं फरफटला, गॉगल कुठेतरी उडाला, आणि मी मागच्या कडब्याच्या पेंढ्यांवर उताणी पडले. कोपर चांगलंच सोललं. कुणी कुणी हसलं. आबा शांतपणे म्हणाले, ताई, आधी छत्री मिटा.

कडब्यात पडल्या पडल्या मला जे वाटलं ते शरमेचं नव्हतं. आजूबाजूचा प्रत्येक माणूस एकच शब्द बोलत होता, बुजला, बुजला. घाबरला असं एकही जण म्हणाला नाही. गोठ्याभोवती बिबट्या फिरला की हाच बादल काय करतो ते आबांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. अंग आकसून, कान टवकारून, घामाघूम होऊन उभा राहतो. ते भिणं. बिबट्या काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. छत्रीला तो भ्याला नाही. मघापासून माझ्या हातात एक मुकी काठी होती, तिचं बघता बघता भलतंच काहीतरी झालं. ओळखीचं होतं ते ओळखीचं राहिलं नाही. शास्त्रवाल्यांना ज्याच्यासाठी दरी खणावी लागली, त्याला आपल्या भाषेत सरळ क्रियापद आहे आणि ते आपण गुरांकरता वापरून मोकळे झालो. ओवी बापाला भीत नव्हती. ती बापाला बुजली होती.

तोवर संपतनं बैल आवरला होता. मग त्यानं माझ्याकडून छत्री मागून घेतली. मिटलेली छत्री बादलच्या नाकाशी नेली, हुंगू दिली. थोडी उघडली, मिटली. पुन्हा थोडी उघडली, आणि दुसऱ्या हातानं त्याचं वशिंड खाजवत राहिला. तोंडानं काहीबाही पुटपुटत होता. बैल फुरफुरला, मागे सरला, परत पुढे आला. बारी लागायच्या आधी बादल उघड्या छत्रीखाली उभा राहून शेपटी हलवत होता. यात नवल कुणालाच वाटलं नाही, तिथे सगळे असंच करतात.

मी संपतला विचारलं, तू डोळा कुठे काढतोस, कुठे घालतोस? म्हणाला, आतल्या खोलीत, कडी लावून. मनीषासमोरसुद्धा नाही. म्हणजे घरातलं माणूस आत जातं आणि दुसरंच कुणीतरी बाहेर येतं. मी त्याला म्हटलं, बैलापुढे तू छत्री उघडमिट करून दाखवतोस आणि पोरीपुढे कडी लावतोस, हा कुठला न्याय?

त्यानं छत्री मिटून माझ्या हातात दिली. भोंगा चालूच होता. “छत्रीखाली भोक नसतंय, ताई,” तो म्हणाला. “पोरीला काय दाखवू? मी सोता आरशात बघत न्हाई त्ये तिला दाखवू? आज बाऊ म्हणती, उद्या जन्मात जवळ यायची न्हाई.”

मी छत्री पिशवीत घातली. बादलची बारी झाली, दुसरा आला, आबांनी फेटा उडवला.

पुन्हा राजुरी

दिवस मावळायच्या आत घरी आलो. संपत नेहमीप्रमाणे परस्पर गोठ्यात गेला. मनीषानं माझं कोपर धुऊन हळद लावली, फडकं बांधलं. ओवी रांगत-चालत आली, फडक्याला बोट लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “बाऊ.”

मी हलले नाही. परत म्हणाली, बाऊ. रडली नाही, दूर पळाली नाही. भुवया जवळ आणून, मोठ्या काळजीनं म्हणाली.

मी मनीषाला विचारलं, बाऊ म्हणजे काय गं तुमच्याकडे? ती म्हणाली, बागुलबुवा. आबा न्हाई का म्हणत, गप ऱ्हा, बाऊ यील. मी म्हटलं, आणि ही पडली, लागलं, की तू काय म्हणतेस? मनीषाचा हात फडक्याच्या गाठीवरच राहिला. “बाऊ झाला का, म्हणते,” ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आपल्या भाषेत लेकरांसाठी हा एकच शब्द दोन कामं करतो. अंधारातला राक्षस तो बाऊ, आणि गुडघ्याला लागलं तोही बाऊ. घरातल्या सगळ्यांनी पहिला अर्थ धरला, मीही धरला, कारण रडणं दिसत होतं आणि रडणं म्हणजे भीती असं आपण ठरवून टाकतो. पोर तिकडे दुसराच काही निरोप देत होती. निदान देत असेल.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी माझ्या लाडक्या तर्काला रजा दिली. मेलेल्यापासून पळा, रोग्यापासून पळा, परक्यापासून पळा, सगळे तर्क पळण्याचेच. पण माणसाचं पोर पळू शकत नाही. ते वर्ष दोन वर्ष कुणाच्या तरी कडेवरच असतं. त्याचं सगळं जगणं त्या एकदोन चेहऱ्यांवर टांगलेलं. त्या चेहऱ्यात काही बिनसलं तर ते सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं? आणि आईलाही पोराचा डोळा जरा तारवटलेला दिसला की तिच्या पोटात गोळा येतो, अजून ताप मोजलाही नसतो. परक्याच्या चेहऱ्यात असलं बारीक काही कळायची गरज नाही, म्हणून ओवी माझ्याकडे बिनधास्त आली. आपल्या माणसात कळायची गरज आहे. माझं ठाम मत आहे की बाहुल्यांनी, पुतळ्यांनी अंगावर जो काटा येतो, तो मुळात आपल्या माणसासाठी ठेवलेला आहे. आपल्याला लागलेलं असतं ते हे, की याला काहीतरी झालंय आणि मला कुणी सांगत नाही. शास्त्रवाल्यांना पटलं नाही तर त्यांनी राजुरीला जावं, आबा पिकअप पाठवतील.

हे सगळं मी संपतला सांगितलं नाही. एकदा बोरीला सांगून झालं होतं. बाऊचं सांगायला मनीषाच गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

सकाळी ऊन अंगणात उतरलं होतं. संपत शेतावर गेलेला नव्हता. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता, गॉगल नव्हता, शेजारी पाण्याचा तांब्या आणि डोळा ठेवायला मी दिलेली डबी. आबा मुद्दाम गोठ्याकडे तोंड करून उभे होते. मनीषानं ओवीला कडेवरून खाली ठेवलं. ती तिथेच थांबली, मनीषाच्या साडीची निरी घट्ट धरून.

संपतनं हात धुतले. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बोटानं खालची पापणी ओढून डोळा तळहातावर घेतला. मनीषानं तोंडाला पदर लावला. मी असल्या खोबणी रोज बघते. ओठाच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी, ओलसर असते, बाकी काही नाही. त्यानं मान खाली घातली नाही.

ओवीनं निरी सोडली. एक पाऊल, मग आणखी. बापाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग टाचा उंचावल्या, ओठांचा चंबू केला आणि त्या खोबणीवर फुंकर घातली. थुंकीसकट. पुन्हा घातली, तशीच जशी मनीषा तिच्या गुडघ्यावर घालत असणार. संपत आणखी खाली वाकला, तिला पुरावं म्हणून. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं ते त्यानं पुसलं नाही, कारण एका हातात डोळा होता आणि दुसऱ्या हातानं तिला सावरलं होतं.

मग त्यानं डोळा तांब्यातल्या पाण्याने धुतला आणि तिच्या देखतच बसवला. तिनं निरखून बघितलं. हात लावला. पुन्हा काढ म्हणून बोट दाखवलं, त्यानं पुन्हा काढला, पुन्हा घातला. तिला ते इतकं आवडलं की ती टाळ्या पिटायला लागली, आणि मग मांडीवर चढून तिनं त्याच्या दुसऱ्या, डाव्या डोळ्याच्या पापणीत बोट घातलं. तोही काढून हवा होता.

“ह्यो न्हाई निघत, ओवे,” संपत तिचं बोट धरून म्हणाला. “ह्यानं तुला बघायचंय.”